नाळेच्या तक्रारी: गरोदरपणात आणि जन्मानंतर कशाला घाबरायचं, कशाला नाही?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'मानेभोवती नाळेचा एक वेढा' असं लिहून आलं की घरातल्यांची झोप उडते. मोबाइलवर शोधाशोध सुरू होते, कुणी सिझर करून घ्यायला सांगतं, कुणी दृष्ट काढायला. पण 'पाणी गेलं, पण कळा नाहीत, उद्या बघू' असं म्हणत तेच घर निवांत बसतं. यातल्या पहिल्या गोष्टीत बहुतेक वेळा काहीच धोका नसतो. दुसऱ्या गोष्टीत काही मिनिटांत बाळाचा जीव जाऊ शकतो.

शहरात राहणाऱ्यांना ही गल्लत निभावून नेता येते, कारण हॉस्पिटल जवळ असतं. सेमाडोहसारख्या गावात ती निभावत नाही. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातलं हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, सिपना नदीच्या काठी, परतवाडा ते धारणी या घाटरस्त्यावर आहे. आसपासच्या पाड्यांवर प्रामुख्याने कोरकू वस्ती आहे. साधं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं. सिझर करायचं म्हटलं, तर भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय लागते. त्यासाठी धारणी किंवा अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट अमरावती गाठावी लागते. म्हणूनच नाळेच्या कोणत्या तक्रारीला थांबता येतं आणि कोणत्या तक्रारीला एक मिनिटही थांबता येत नाही, हे इथे आधीच माहीत असावं लागतं.

थोडक्यात महत्त्वाचं

- मानेभोवती नाळेचा वेढा साधारण चार ते पाच बाळांमागे एकात दिसतो. बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात.
- पाणी गेल्यावर नाळ बाळाच्या आधी बाहेर येणं ही खरी आणीबाणी आहे.
- बाळाची हालचाल कमी झाली तर सकाळची वाट पाहू नये.
- जन्मानंतर नाळ कापायची घाई नको. साधारण एक ते तीन मिनिटं थांबावं.
- नाळेच्या तुकड्याला तेल, हळद, राख, शेण, कुंकू काहीही लावू नये. नाळ कोरडी ठेवावी.
- बेंबीभोवती लाली, पू, दुर्गंधी, पोटफुगी किंवा बाळाने दूध सोडणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नाळ म्हणजे नेमकं काय?

पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही आणि खातही नाही. त्याला लागणारा प्राणवायू आणि अन्न आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतं. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते आणि वार ते बाळाची बेंबी हा रस्ता म्हणजे नाळ.

पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब आणि बोटाएवढी जाड असते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एका शिरेतून चांगलं रक्त बाळाकडे येतं, दोन धमन्यांतून वापरलेलं रक्त वारेकडे परत जातं. या तिन्हींभोवती घट्ट जेलीसारखा थर असतो. नाळ पिळली, वळली किंवा थोडी दाबली गेली तरी रक्तवाहिन्या चिमटू नयेत, याची काळजी हा थर घेतो. वेढा किंवा सैल गाठ असूनही बहुतेक बाळांना काही होत नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. नाळेत वाहतं ते बाळाचंच रक्त. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण नाळेतून रक्तस्राव झाला तर रक्त बाळाचं जातं, आणि तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं.

मानेभोवती नाळेचा वेढा: किती घाबरायचं?

सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आणि सगळ्यात कमी गरजेची भीतीही हीच आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळ पाण्यात मोकळं फिरतं, कोलांट्या घेतं. त्यात नाळ कधी मानेभोवती येते, कधी पायात अडकते, कधी आपोआप सुटते. आज रिपोर्टमध्ये दिसलेला वेढा पुढच्या सोनोग्राफीत नसू शकतो. आज नसलेला बाळंतपणाच्या वेळी सापडू शकतो.

'नाळेने गळा आवळला जातो' ही कल्पनाही चुकीची आहे. बाळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही, त्यामुळे गळा आवळून गुदमरण्याचा प्रश्न येत नाही. धोका असतो तो नाळ ताणली किंवा दाबली जाऊन तिच्यातला रक्तप्रवाह कमी होण्याचा. हे घट्ट किंवा अनेक वेढ्यांमध्ये, विशेषतः बाळ खाली सरकताना होऊ शकतं. त्यामुळे केवळ वेढा दिसला म्हणून सिझर करावं लागत नाही. कळा सुरू असताना बाळाचे ठोके ठरावीक अंतराने तपासले जातात. ठोके वारंवार मंदावून सावरत नसतील, तर पुढचा निर्णय घेतला जातो. डोकं बाहेर आल्यावर वेढा सैल असेल तर नर्स किंवा डॉक्टर तो बोटाने डोक्यावरून काढून घेतात. हे काम काही सेकंदांचं असतं.

गरोदर बाईने हात वर करून कपडे वाळत घातले, गळ्यात माळ घातली, दोरी ओलांडली किंवा ग्रहणात काही केलं म्हणून वेढा पडतो, असं घरोघरी सांगितलं जातं. याचा वेढ्याशी काहीही संबंध नाही. वेढा बाळाच्या हालचालींमुळे पडतो. तो आईच्या वागण्याने पडत नाही आणि टळतही नाही.

गाठ, एकच धमनी, आखूड किंवा लांब नाळ

नाळेला खरी गाठ बसण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक आहे. गाठ सैल असेल तर बाळाला कळतही नाही. घट्ट बसली तर रक्तप्रवाह अडू शकतो. ती सोनोग्राफीत नेहमी दिसत नाही, म्हणून बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवणं हाच यावरचा पहारा.

दोनऐवजी एकच धमनी असणं हेही साधारण शंभरात एखाद्या बाळात आढळतं. बाकी तपासणी नीट असेल तर अशी बहुतेक बाळं निरोगी असतात. मात्र डॉक्टर बाळाचं हृदय, मूत्रपिंडं आणि वाढ यांची नीट तपासणी करायला सांगतात. ती टाळू नये.

खूप आखूड नाळ बाळंतपणात ताणली जाते. खूप लांब नाळेत वेढे आणि गाठी जास्त पडतात. लांबी आधी नेमकी मोजता येत नाही आणि त्यावर आधी करण्यासारखा उपायही नसतो.

नाळेच्या उघड्या रक्तवाहिन्या: दुर्मीळ, पण सोनोग्राफीने जीव वाचवणारी गोष्ट

सामान्यतः नाळ वारेच्या मधोमध जोडलेली असते. काही वेळा ती वारेऐवजी पडद्याला जोडलेली असते आणि रक्तवाहिन्या जेलीच्या संरक्षणाशिवाय पडद्यावरून वारेपर्यंत जातात. या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असतील तर त्या स्थितीला वैद्यकीय भाषेत 'व्हासा प्रीव्हिया' म्हणतात. ही स्थिती साधारण अडीच हजार गरोदरपणांत एकदा आढळते.

पाणी जाताना पडदा फाटतो आणि त्याबरोबर या वाहिन्याही फाटू शकतात. मग बाळाचं थोडंसं रक्त काही मिनिटांत वाहून जातं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ही स्थिती आधी लक्षात आलेल्या बाळांपैकी ९७ टक्के वाचली. आधी लक्षात न आलेल्यांपैकी निम्मीही वाचली नाहीत. फरक फक्त आधी कळण्याचा होता. आधी कळलं तर कळा सुरू होण्यापूर्वीच तारीख ठरवून सिझर करता येतं.

वार खाली असणं, जुळी बाळं आणि टेस्ट ट्यूब बेबी उपचाराने राहिलेलं गरोदरपण यांत ही शक्यता वाढते. अशांनी पाचव्या महिन्याच्या आसपासची सविस्तर सोनोग्राफी करताना 'नाळ वारेला कुठे जोडलेली आहे?' एवढं विचारून घ्यावं. पाणी जाताना त्यासोबत लाल रक्त गेलं तर कोणतीही वाट न पाहता सिझरची सोय असलेल्या रुग्णालयात जावं.

नाळ आधी बाहेर येणं: खरी आणीबाणी

पाणी गेल्यावर बाळाच्या डोक्याआधी नाळ खाली सरकून योनीमार्गात किंवा बाहेर येते, तेव्हा बाळाचं अंग आणि आईचं हाड यांच्यामध्ये ती चेपली जाते. बाहेरची थंड हवा लागूनही तिच्यातल्या वाहिन्या आकुंचन पावतात. दोन्हींचा परिणाम एकच, बाळाचा प्राणवायू तुटतो. हजार बाळंतपणांत एक ते सहा वेळा हे घडतं.

*कुणाला धोका जास्त?*

- बाळ आडवं किंवा पायाळू असणं
- जुळ्यांपैकी दुसरं बाळ
- पोटात पाणी जास्त असणं
- दिवस भरण्याआधी सुरू झालेलं बाळंतपण, लहान बाळ
- आधी अनेक बाळंतपणं झालेली असणं
- डोकं अजून वर असतानाच पाणी जाणं

म्हणूनच शेवटच्या महिन्यात 'बाळ आडवं आहे' किंवा 'पायाळू आहे' असं कळलं, तर घाटरस्त्यापलीकडच्या गावातल्या बाईने कळांची वाट पाहत घरी थांबू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तपासणी २०१६ पासून सुरू आहे. बाळाची स्थिती कळण्याची ती चांगली संधी असते.

*नाळ दिसली किंवा हाताला लागली तर काय करावं?*

1. लगेच १०८ ला फोन करावा आणि 'पाणी गेलंय, नाळ बाहेर आली आहे' हेच शब्द सांगावेत. नुसतं 'कळा सुरू आहेत' म्हटल्याने घाई कळत नाही.
2. गाडी येईपर्यंत बाईने गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून ओणवं राहावं. त्यामुळे बाळाचं वजन नाळेवरून थोडं हटतं.
3. नाळ आत ढकलू नये, ओढू नये, सारखी हाताळू नये.
4. बाळ बाहेर येतच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जोर करू नये.
5. सिझर लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला देऊ नये.
6. चालत्या गाडीत ओणवं राहणं सुरक्षित नसतं. डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशी किंवा घडी घातलेली चादर द्यावी.
7. सोबत नर्स असेल तर ती हातमोजा घालून बाळाचं डोकं आतूनच वर उचलून धरते. ऑपरेशन टेबलापर्यंत तो हात काढला जात नाही.

हे सगळं वेळ मिळवण्यासाठी आहे. बाळ जवळजवळ बाहेर आलेलं नसेल तर खरा उपाय तातडीचं सिझर हाच असतो.

रस्ता लांब असेल तर तयारी आधी

परतवाडा सेमाडोहपासून सुमारे ५० किलोमीटर, तेही वळणावळणाच्या घाटाने. आतल्या पाड्यांवरून आधी सेमाडोहला किंवा मुख्य रस्त्याला यावं लागतं. पावसाळ्यात नाले भरतात, अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून राज्यभर चर्चेत आले आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. कुपोषण हे त्याचं एक कारण होतं. वेळेत दवाखाना न मिळणं हेही मोठं कारण राहिलं आहे.

हे अंतर कमी करता येत नसेल तर बाई आधीच दवाखान्याजवळ आणता येते. आदिवासी भागासाठी महाराष्ट्रात 'माहेरघर' योजना याच विचाराने आणली गेली. दिवस भरत आलेल्या बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधी नातेवाइकासह आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहायचं, अशी त्यात सोय असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझर, औषधं, जाणं-येणं आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत.

आठव्या महिन्यातच ठरवून ठेवण्याच्या चार गोष्टी:

- कोणत्या दवाखान्यात जायचं आणि तिथे सिझर होतं का
- १०८ आणि १०२ शिवाय गावातली कोणती गाडी रात्री मिळेल, तिच्या चालकाचा नंबर
- रेंज नसेल तर फोन कुठून लागतो
- घरात मोठी मुलं आणि गुरंढोरं कोण सांभाळणार. अनेक बाया याच काळजीने वेळेवर निघत नाहीत

आणि एक रोजची सवय. सातव्या महिन्यानंतर बाळ कसं आणि कधी हलतं याकडे लक्ष द्यावं. हालचाल कमी वाटली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडावं आणि मोजावं. दोन तासांत दहा हालचालीही जाणवल्या नाहीत, तर त्याच वेळी दवाखान्यात जावं. 'शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलतं' हे खरं नाही. जागा कमी झाल्याने हालचालींचा प्रकार बदलतो, पण बाळ हलायचं थांबत नाही.

नाळ कधी कापावी?

पूर्वी बाळ बाहेर येताच नाळ चिमटा लावून कापली जायची. आता जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. एक ते तीन मिनिटांत वारेतलं साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येतं आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २१ या काळात देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी होतं. ज्या भागात आईच अशक्त असते तिथे या दोन मिनिटांची किंमत आणखी वाढते. काही बाळांना कावीळ थोडी जास्त होऊ शकते, म्हणून नंतर लक्ष ठेवावं. बाळ रडत नसेल आणि त्याला श्वास द्यायचा असेल, तर डॉक्टर लवकर कापण्याचा निर्णय घेऊ शकतात.

*नाळेचं रक्त बँकेत ठेवावं का?* सोशल मीडियावर याच्या जाहिराती भरपूर दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) स्वतःच्या बाळाला भविष्यात वापरता यावं म्हणून खाजगी बँकेत नाळेचं रक्त ठेवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. घरात आधीच एखाद्याला अशा पेशींची गरज असलेला आजार असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांशी बोलून ठरवावी. बँकेत ठेवायला जास्त रक्त मिळावं म्हणून नाळ लवकर कापली, तर तेवढं रक्त बाळाला कमी मिळतं, हेही लक्षात घ्यावं.

घरी किंवा वाटेतच बाळंतपण झालं तर

- बाळाला कोरड्या कपड्याने पुसून आईच्या छातीवर, अंगाला अंग लागेल असं ठेवावं आणि दोघांना पांघरूण घालावं. बाळ गार पडू देऊ नये.
- स्वच्छ, नवं ब्लेड नसेल तर नाळ कापूच नये. नाळ जोडलेली राहिल्याने बाळाचं काही बिघडत नाही. विळा, सुरी, दगड, जुनं ब्लेड यांनी कापल्याने मात्र बिघडतं.
- वार पडावी म्हणून नाळ ओढू नये. गर्भाशय उलटून बाहेर येऊ शकतं किंवा जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.
- वार पडली तर ती पिशवीत घालून बाळाबरोबरच न्यावी. दवाखान्यात ती पूर्ण आहे का हे तपासतात.

प्रशिक्षित दाई किंवा नर्स असेल तर पाच स्वच्छता पाळायच्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ नवं ब्लेड, स्वच्छ धागा आणि काहीही न लावलेली स्वच्छ नाळ.

धनुर्वात: नाळेतून शिरणारा जुना शत्रू

धनुर्वाताचे जंतू माती, शेण आणि गंजक्या हत्यारांवर असतात. ते नाळेच्या जखमेतून आत गेले की जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून २८व्या दिवसापर्यंत कधीही, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आजार दिसतो. आधी छान ओढणारं बाळ दूध ओढू शकत नाही, जबडा आवळतो, अंग ताठ होतं, हात लावला तरी आचके येतात.

एकेकाळी या आजाराने देशात हजारो बाळं जायची. गरोदरपणातली लस, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ ब्लेड या तीन साध्या गोष्टींनी चित्र पालटलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. इथे निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच. म्हणून टीडीची लस चुकवायची नाही. गरोदरपण कळताच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर एक बूस्टर पुरतो.

नाळ गळून पडेपर्यंत काय करायचं?

बहुतेक काहीच करायचं नाही, आणि नेमकं तेच अवघड जातं. नाळेचा तुकडा सुकतो, काळपट पडतो आणि साधारण ५ ते १५ दिवसांत गळतो.

- लंगोट नाळेच्या खाली बांधावा, म्हणजे लघवीने ती भिजत नाही.
- घाण लागली तर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करावी.
- ती मोकळी ठेवावी. पट्टी, नाणं, पोटपट्टा बांधू नये.
- लोंबती दिसली तरी ओढू नये.
- हात लावण्याआधी साबणाने धुवावेत.

काही देशांत नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावायला सांगतात, ते भारतात का नाही, असा प्रश्न पडू शकतो. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने बालमृत्यू कमी झाले होते. नंतर झांबिया आणि टांझानियात मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. त्यामुळे २०२२ च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध, जिथे नाळेला शेणासारखे घातक पदार्थ लावायची रीत आहे, अशा ठिकाणांपुरतं ठेवलं. आरोग्य कर्मचाऱ्याने दिलं तरच ते वापरावं, तेही फक्त नाळेवर. डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. बाकी सगळ्यांसाठी कोरडी नाळ हाच नियम.

बेंबी पिकली तर, आणि चटके का देऊ नयेत

नाळ गळण्याच्या काळात किंचित ओलसरपणा आणि रक्ताचे एकदोन थेंब चालतात. बेंबीभोवतीची कातडी लाल, सुजलेली, गरम लागली, पू किंवा दुर्गंधी आली, तर बेंबी पिकली असं समजावं. बेंबीच्या आत बाळाच्या यकृताकडे आणि मोठ्या रक्तवाहिन्यांकडे जाणारा रस्ता अजून पुरता बंद झालेला नसतो. म्हणून बाहेरचा छोटा संसर्ग दिवसभरात रक्तात पसरू शकतो. मग बाळ दूध सोडतं, मलूल होतं, अंग तापतं किंवा उलट गार पडतं, श्वास जोरात चालतो, पोट फुगतं.

मेळघाटात इथेच एक जुनी प्रथा आड येते. बाळाचं पोट फुगलं की भूमकाकडे किंवा घरातल्या जाणत्या बाईकडे नेऊन तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी आली आणि हा प्रश्न पुन्हा समोर आला.

चटके देणारे घरचे लोक बाळाचे शत्रू नसतात. पोट फुगणं हे गंभीर लक्षण आहे, हे त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. चूक उपायात असते. पोट फुगण्यामागे जंतुसंसर्ग असेल तर चटक्याने तो जात नाही. उलट भाजलेली कातडी जंतूंना शिरायला नवी वाट देते, वेदनेने बाळ दूध ओढत नाही आणि दवाखान्यात पोहोचायचे मोलाचे तास निघून जातात. म्हणून घरच्यांशी भांडण्यापेक्षा 'पोट फुगलंय हे तुम्ही बरोबर ओळखलं, आता लगेच दवाखान्यात नेऊ' असं म्हणणं जास्त उपयोगी पडतं. तीच गोष्ट कोरकू बोलणाऱ्या आशाताईने सांगितली तर घरात लवकर पटते.

असा संसर्ग वेळेत ओळखला तर बरा होतो, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाला घरी जाऊन तपासणं, संसर्ग ओळखणं आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं त्या शिकल्या. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. याच कामातून २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्या आल्या की बाळाचा लंगोट सोडून बेंबी दाखवावी.

नाळ पडल्यानंतरच्या तक्रारी

*सतत रक्त येणं:* बांधलेला धागा किंवा चिमटा सैल झाला असेल, किंवा जन्मानंतरचं व्हिटॅमिन के इंजेक्शन राहिलं असेल. स्वच्छ कपड्याने दाबून धरून लगेच दवाखान्यात जावं.

*ओला गुलाबी मांसाचा दाणा:* नाळ पडल्यावर बेंबीत असा दाणा राहू शकतो. तो दुखत नाही, पण पाणी झिरपतं. डॉक्टर साध्या औषधाने तो सुकवतात. घरी चुना, तुरटी किंवा काही जाळणारं लावू नये.

*फुगलेली बेंबी:* बाळ रडलं की बेंबी बाहेर येते आणि दाबली की आत जाते. पोटाच्या स्नायूतली फट भरली नसल्याने हे होतं. बहुतेक मुलांत ती काही वर्षांत आपोआप भरते. नाणं बांधल्याने ती लवकर भरत नाही, कातडी मात्र चिघळते. बेंबी कडक झाली, आत जात नसेल, बाळ सतत रडत किंवा उलट्या करत असेल तर लगेच दाखवावं.

*नाळ तीन आठवड्यांनंतरही न पडणं:* बहुतेकदा काळजीचं नसतं, पण क्वचित प्रतिकारशक्तीची उणीव असू शकते. डॉक्टरांना दाखवावं.

*बेंबीतून लघवी किंवा शौचासारखं येणं:* गर्भात बंद व्हायला हवी होती ती वाट उघडी राहिली आहे. यावर शस्त्रक्रियेने उपाय होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वेढा असल्यास नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं का?* हो. बहुतेकांचं होतं. बाळाचे ठोके तपासले जातील अशा ठिकाणी ते व्हावं, एवढीच अट.

*नाळ पडेपर्यंत आंघोळ घालावी का?* नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्याने अंग पुसणं पुरेसं आहे. जोराची मालीश करताना नाळेजवळ तेल जाऊ देऊ नये.

*नाळेवर हळद जंतुनाशक नाही का?* स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यासोबतचं तेल आणि हातही नसतात.

*पडलेली नाळ पुरण्याची रीत पाळावी का?* पडलेला तुकडा पुरण्याने बाळाला काही होत नाही. ती रीत घराने आपल्या मनाप्रमाणे पाळावी. नियम फक्त अंगावर असलेल्या नाळेसाठी आहेत.

हे दिसलं तर थांबू नका

गरोदरपणात:
- बाळाची हालचाल कमी होणं
- पाणी जाणं, कळा असोत वा नसोत
- पाण्यासोबत लाल रक्त जाणं
- योनीमार्गात नाळ दिसणं किंवा जाणवणं

जन्मानंतर:
- बेंबीभोवती लाली, सूज, पू किंवा दुर्गंधी
- दूध न ओढणं, मलूल पडणं
- अंग तापणं किंवा गार पडणं
- पोट फुगणं, श्वास जोरात चालणं
- जबडा आवळणं, अंग ताठ होणं, आचके
- बेंबीतून न थांबणारं रक्त

यापैकी एकही गोष्ट दिसली तर १०८ ला फोन करावा, आशाताईंना कळवावं आणि बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवून निघावं. आई शुद्धीत असेल आणि बाळ ओढत असेल तर वाटेत दूध पाजत राहावं. घाटातल्या गावातून निघायला अर्धा तास उशीर झाला, की पुढे दवाखान्यात तो भरून काढता येत नाही.